भाकरीची कड, पिझ्झ्याची कड

पिझ्झा मागवायचा ठरला की घरात आधी वर काय हवं यावर वाद रंगतो. पनीर की मका, कांदा घालायचा की नाही, चीज जादा सांगायचं का. माझा प्रश्न त्याच्याही आधीचा असतो: खालचा बेस कुठला? आमच्या जिंतूरकडच्या बोलीत सांगायचं तर बाकीचे कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबरचं कालवण, बघतात, मी भाकर बघते. कोरड्यास रोज निराळं करता येतं. भाकर बिघडली की जेवण गेलं.

ही नजर आजीच्या चुलीपुढे तयार झाली. काठवटीत पीठ घ्यायचं, मधे आळं करून आधणाचं पाणी ओतायचं आणि तळहाताच्या टाचेनं रेटून रेटून मळायचं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. कढत पाण्यानं त्यातला स्टार्च थोडा शिजतो, चिकट होतो, आणि तेवढ्या आधारावर भाकर थापली जाते. पीठ जुनं असेल तर तीही चिकाटी उरत नाही, म्हणून आजी गिरणीतून थोडं थोडंच दळून आणायला लावायची. थापताना तिचा उजवा हात मधे पडायचा, पण डोळे कडेवर असायचे. कडेला बारीक चीर दिसली की ओल्या बोटानं ती सांधायची. मी थापायला बसले की म्हणायची, "कड सांभाळ बाई, मधलं आपसूक होतंय."

ते खरंच होतं. तव्यावर टाकलेल्या भाकरीला वरून पाणी फिरवायचं, उलटायची, मग आरावर उभी करून शेकायची. आत कोंडलेली वाफ वरचा पापुद्रा उचलते आणि भाकर टम्म फुगते. कड फुटकी असेल तर वाफ तिथूनच निसटते, भाकर चपटी राहते. ताटात पडल्यावर भाऊ पापुद्रा उचलून आत तेल-तिखट घालायचा. मला कड हवी असायची, जाळ लागलेली, ठिकठिकाणी करपट डाग पडलेली.

आजी १९७२च्या दुष्काळाबद्दल बोलायची तेव्हाही बोलणं कडेवरच यायचं. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकर वळायची नाही, कडेला फाटायची, पण पोरांच्या पोटात काहीतरी जायचं. हायब्रीडही आली. खरिपातली ही ज्वारी भरपूर पिकायची, पण काढणीच्या वेळी पाऊस लागला की दाणा काळा पडायचा आणि भाकरही तशीच व्हायची. आमच्याकडचा खरा मान रब्बीच्या टाळकीचा, काळ्या रानात थंडीवर पोसलेल्या ज्वारीचा. परभणीच्या कृषी विद्यापीठानं रब्बीसाठी 'परभणी मोती', 'परभणी ज्योती' अशी वाणं दिली. तरी जिंतूरच्या शिवारात आता नजर जाईल तिकडे सोयाबीन आणि कापूस दिसतो, आणि ज्वारी पेरणाऱ्याला पाखरं राखायची असतात, काढणीला माणसं मिळवायची असतात. मग ती न पेरणाऱ्याला दोष कसा द्यायचा?

डॉमिनोज आणि पिझ्झा हट भारतात आले ते १९९६ साली. आमच्यापर्यंत पिझ्झा आला तो बेकरीतून, तयार बेसवर सॉस, कांदा आणि किसलेलं चीज घेऊन. तो बेस गोडसर, पावासारखा, कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा. मला त्यात कड सापडेना. पुढे पुण्यात नोकरीला लागले आणि पातळ बेसचा पिझ्झा खाल्ला. काठ दातांखाली कुरकुरीत मोडला, तेव्हा हे आपलं आहे असं वाटलं. तेव्हापासून माझी निवड ठरलेली आहे. पातळ नसेल तर हातानं ताणलेला, पण जाड पॅन पिझ्झा नको. त्याचा तळ तेलात तळल्यासारखा होतो आणि मैद्याचा वास वरच्या सगळ्यावर मात करतो. बेसच्या आतच चीज भरलेला चीज बर्स्ट माझ्या मुलाचा. कडेतही चीज भरायची पद्धत पिझ्झा हटनं अमेरिकेत १९९५ साली बाजारात आणली, बहुधा लोक कडा टाकून देतात म्हणून. मला ही सोय पटत नाही. कड चांगली भाजली तर ती कोण टाकेल?

इटलीतल्या नेपल्सची रीत वाचली तेव्हा आजीची फार आठवण झाली. तिथला कारागीर आंबलेल्या गोळ्याला मधून बाहेर दाबत नेतो, म्हणजे आतली हवा काठाकडे सरकते. मग लाकडाच्या भट्टीत, साडेचारशे अंशांच्या आसपास, जेमतेम दीड मिनिटात काठ फुगतो आणि त्यावर काळे ठिपके उमटतात. २०१७ साली युनेस्कोनं तिथल्या कारागिरांच्या या कलेला मानवजातीच्या वारशात स्थान दिलं. भाकरीत कड घट्ट राहते म्हणून मध्य फुगतो. तिथं मध्य चेपतात म्हणून कड फुगते. हातांचं कसब सारख्याच तोलाचं आहे. आमच्या काठवटीपुढे बसणाऱ्या बायकांच्या कसबाची अशी नोंद कुणी घेतलेली मला दिसत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

घरी येणाऱ्या पिझ्झ्याचा शत्रू म्हणजे खोका. बंद खोक्यात वाफ पुठ्ठ्याला लागते, परत पिझ्झ्यावर बसते आणि काठ मऊ पडतो. म्हणून पिझ्झा आला की मी आधी झाकण उघडून ठेवते. मग भाकरीचा लोखंडी तवा तापवून, तेलाचा थेंब न घालता, एकेक तुकडा मंद आचेवर टेकवते. तळ कोरडा होतो, काठ पुन्हा ताठ होतो. मुलगा आधी कंटाळायचा. आता तवा तोच गॅसवर चढवतो आणि स्वतःच्या चीज बर्स्टच्या उरलेल्या कडा माझ्या ताटात न टाकता शेकून खातो. मागवताना फोनवर मात्र तो अजून वरचंच आधी सांगतो, आणि मी पलीकडून ओरडते, "बेस पातळ सांग, आणि जरा जास्त भाजायला सांग."