रिकामा रकाना

मागचे दोन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. आळस हे कारण आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. विषय डोक्यात होता, लिहावा की नाही ते ठरत नव्हतं. कारण यातली चूक माझी आहे. बॉसची, क्लायंटची वगैरे नंतर.

तर सुरुवात मामापासून. माझं आजोळ लोणी काळभोरचं. सोलापूर रोडने हडपसर, मांजरी, कदमवाकवस्ती ओलांडलं की रस्त्याच्या कडेला टँकरच टँकर दिसायला लागतात. पुण्याला लागणाऱ्या पेट्रोल-डिझेलचे मोठे डेपो इथे आहेत. लहानपणी मला वाटायचं की हे टँकर मुंबईहून पेट्रोल घेऊन येतात. प्रत्यक्षात ते इथून भरून जातात. पेट्रोल मुंबईहून येतं ते जमिनीखालून. हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबई-पुणे पाइपलाइन १९८५ साली सुरू झाली, नंतर ती सोलापूरपर्यंत वाढवली. आता एकूण ५०८ किलोमीटर. त्याच पाइपातून आज पेट्रोल, उद्या डिझेल, एकामागे एक असं जातं. घाट चढायला नको, ट्रॅफिक नाही, टोल नाही :)

ही लाइन मामाच्या उसाखालून जाते. शेतात कंपनीचा खांब आहे, खोदण्यापूर्वी फोन करा असं लिहिलेला. आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत त्याला स्टंप करायचो आणि आजोबा लांबून ओरडायचे. जमीन मामाचीच आहे, पण १९६२ च्या कायद्याने सरकारने तिच्यावर 'वापराचा हक्क' घेतलेला आहे. म्हणजे पट्ट्यावर ऊस लावा, ज्वारी लावा, पण घर बांधायचं नाही, विहीर खणायची नाही, झाड लावायचं नाही. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात तशी नोंद आहे. एका ओळीची.

गेल्या महिन्यात मामांना बोअर घ्यायचा होता. पाणाड्याने नारळ फिरवून जागा दाखवली, ती नेमकी पट्ट्याच्या आसपास. मामा सातबारा घेऊन बसले होते.

"यात पाइपलाइन आहे एवढंच लिहिलंय रे. कुठनं जाते, ते कुठंय?"

"मामा, खांब आहे की."

"खांबाचं काय सांगतोस! तुम्हीच हलवून हलवून ढिला केला होता. आजोबांनी परत रोवला तो."

मी गप्प बसलो. माझ्या पहिल्या डेटा करप्शनचा साक्षीदार समोर बसला होता.

आता दुसरी गोष्ट. मी हिंजवडीत ज्या प्रोजेक्टवर आहे त्याचा क्लायंट अमेरिकेतला. पेट्रोल, डिझेल, क्रूड वाहून नेणाऱ्या लाइन चालवतो. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. आमचं काम म्हणजे त्यांचे जुने रेकॉर्ड नव्या सिस्टिममध्ये आणणं. कुठे टायपातली कार्डं, कुठे हाताने लिहिलेली वही, कुठे कुणीतरी २००३ साली बनवलेली एक्सेल. हे सगळं स्कॅन होऊन, कुणीतरी टाइप करून, आमच्याकडे ओळींच्या रूपात यायचं. पाइपाचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक ओळ. जाडी किती, स्टीलचा ग्रेड कोणता, कधी पुरला, हायड्रोटेस्ट किती प्रेशरला झाली.

हायड्रोटेस्ट म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लाइन चालू करण्याआधी तिच्यात पाणी भरतात आणि रोज जेवढं प्रेशर लागणार त्याच्या निदान सव्वा पट प्रेशरला काही तास धरून ठेवतात. टिकली तर पास. म्हणजे उलट बाजूने बघितलं तर टेस्ट किती प्रेशरला झाली हे माहीत असेल तरच रोज किती प्रेशर द्यायचं ते ठरवता येतं. तो आकडा कागदावर नसेल तर तो कुठेच नसतो. पाइप मीटरभर खाली आहे, त्याला विचारता येत नाही.

आमच्याकडे हजारेक ओळींमध्ये टेस्ट प्रेशरचा रकाना रिकामा होता. आणि नव्या सिस्टिममध्ये तो रकाना कंपल्सरी. लोड फेल. शुक्रवारची रात्र, सोमवारी डेमो. ऑनसाइट लीड फोनवर म्हणाला, "अरे, नियमाप्रमाणे सव्वा पटच केलेली असणार ना? फॉर्म्युला टाक." मी टाकला. रोजचं प्रेशर गुणिले १.२५. मला दोन ओळी लागल्या. लोड पास. मग व्हॅलिडेशन चालवलं, ते काय तपासतं? टेस्ट प्रेशर रोजच्या प्रेशरच्या सव्वा पट आहे का! अर्थातच होतं. शंभर टक्के हिरवं. सोमवारी क्लायंटचं कौतुकाचं मेल, बुधवारी टीमला पिझ्झा.

दोन महिन्यांनी क्लायंटकडून एक ट्रेनिंग होतं. नेहमीसारखं म्यूट करून दुसरं काम करत बसलो होतो. मग सॅन ब्रुनोचं नाव आलं आणि पुढचा अर्धा तास मी खरोखर ऐकलं. रात्री घरी जाऊन सरकारी चौकशीचा अहवालही वाचत बसलो.

९ सप्टेंबर २०१०. कॅलिफोर्नियातलं सॅन ब्रुनो, संध्याकाळची वेळ. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिकची ३० इंची गॅस लाइन वस्तीत फुटली. आठ माणसं गेली, ३८ घरं जळून गेली. लाइन १९५६ सालची. कंपनीच्या रेकॉर्डमध्ये त्या तुकड्याला 'सीमलेस' लिहिलेलं होतं, म्हणजे जोड नसलेला पाइप. प्रत्यक्षात खाली जोडाचा पाइप होता, त्यात छोटे छोटे तुकडे जोडलेले, आणि काहींचा जोड आतून नीट वेल्डच झालेला नव्हता. चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. १९५६ मध्ये ३० इंची सीमलेस पाइप बनवणारा मान्यताप्राप्त कारखानाच अमेरिकेत नव्हता. म्हणजे रेकॉर्डमधला पाइप अस्तित्वातच असू शकत नव्हता! आणि एवढी वर्षं ती नोंद कुणालाही खटकली नाही, कारण रकाना भरलेला होता. रिकामा असता तर कुणीतरी विचारलं असतं.

पुढे २०१५ मध्ये राज्याच्या नियामकाने कंपनीला १.६ अब्ज डॉलरचा दंड केला, आणि २०१६ मध्ये ज्युरीने पाइपलाइन सुरक्षा कायदा मोडल्याबद्दल आणि चौकशीत अडथळा आणल्याबद्दल दोषी धरलं. ही लाइन गॅसची होती. पण जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेच्या पाइपलाइन खात्याने गॅस आणि द्रव, दोन्ही वाहून नेणाऱ्या कंपन्यांना कळवलं की प्रेशर ज्या कागदावर ठरवता तो कागद मुळापर्यंत शोधता येईल, पडताळता येईल आणि पूर्ण असेल, असा हवा. माझा गुणिले १.२५ या तिन्हींत नापास.

द्रवाचं उदाहरण हवं असेल तर बेलिंगहॅम. १० जून १९९९, वॉशिंग्टन राज्य. ऑलिंपिक कंपनीची पेट्रोलची लाइन फुटली, सुमारे नऊ लाख लिटर पेट्रोल ओढ्यात गेलं आणि पेटलं. दहा वर्षांची दोन मुलं आणि मासे पकडायला गेलेला एक अठरा वर्षांचा मुलगा गेला. पाइप १९९४ मध्ये शेजारच्या बांधकामात ओरखडला गेला होता. आतून केलेल्या तपासणीत तिथे काहीतरी बिघडलंय अशी खूण आली होती, पण खणून बघितलं नव्हतं. आणि ज्या दिवशी फुटला त्या दिवशी कंट्रोल रूमचा कंप्युटर ऐन वेळी प्रतिसाद देईना, कारण लाइन चालवणाऱ्या त्याच सिस्टिमवर कुणीतरी डेटाबेसचं काम करत होतं. चालू प्रॉडक्शनवर. मी हे वाचून लॅपटॉप बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आम्ही सगळेच करतो हे. 'छोटासा बदल आहे, होऊन जाईल.'

अमेरिकेत द्रव वाहून नेणाऱ्या लाइनसाठी नोंदी किती काळ ठेवायच्या याचेही नियम आहेत. रोजच्या प्रेशरच्या नोंदी तीन वर्षं. पाइप दुरुस्त केला तर त्याची तारीख, जागा आणि वर्णन पाइप वापरात असेपर्यंत. हे दुसरं मला फार आवडलं. कागदाचं आयुष्य पाइपाच्या आयुष्याएवढं. आतून तपासणी करणारं यंत्र (त्याला सगळे 'पिग' म्हणतात, हसू नका) पाइपाची जाडी मोजत जातं. पण आज २० टक्के झिजलाय हे कळून उपयोग काय? मागच्या वेळी १८ होता की ५, त्यावर ठरणार की घाबरायचं की नाही.

आपल्याकडे पेट्रोलियम पाइपलाइनना परवानगी देणारं स्फोटकांचं खातं, 'पेसो', त्याचं मुख्यालय नागपुरात आहे. तेल उद्योगाच्या सुरक्षेची मानकं ठरवून ऑडिट करणारं संचालनालय १९८६ चं, आणि पाइपलाइनचं नियामक मंडळ २००६ च्या कायद्याने आलेलं. ऑडिट म्हणजे नुसती कागदं बघणं, अशी टिंगल मी पण केली आहे. आता करत नाही. दुसरं बघणार काय? २०२१ मध्ये फलटण तालुक्यात चोरांनी पाइपलाइनला भोक पाडलं तेव्हा पेट्रोल शेतात आणि विहिरीत उतरलं. खाली काय चाललंय ते असं वर आल्यावर कळण्यापेक्षा वहीतून कळलेलं बरं.

असो. मी मेल लिहिलं. चार ड्राफ्ट झाले. पहिल्या ड्राफ्टमध्ये लीडचं नाव तीनदा होतं, शेवटच्यात एकदाही नाही, कारण स्क्रिप्ट माझी होती. मॅनेजर म्हणाले, "आधी माझ्याशी बोलायचं होतंस." बरोबर होतं त्यांचं. मग म्हणाले, "आता वर्षाच्या रेटिंगची वेळ आहे, माहितीये ना?" हेही माहीत होतं.

क्लायंटकडच्या रेकॉर्ड विभागात एक रिटायरमेंटला आलेले इंजिनिअर आहेत. तीन दिवसांनी त्यांचा कॉल आला. मी भाषण तयार ठेवलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "कोणत्या ओळी?"

आणि मला सांगता येईना.

कोणत्या ओळी मी भरल्या याची खूण मी ठेवलीच नव्हती. स्क्रिप्टने थेट टेबलावर लिहिलं होतं, आणि मूळ फाइलवर नंतर कुणीतरी 'फायनल' म्हणून नवी फाइल टाकली होती. मी हुशारीने म्हटलं, जिथे आकडा बरोब्बर सव्वा पट आहे त्या ओळी काढतो. काढल्या. हजार नाही, पाच हजारांवर निघाल्या. कारण कित्येक ठिकाणी खरोखरच बरोब्बर सव्वा पट टेस्ट केलेली होती. म्हणजे रिकाम्या ओळी भरताना मी खऱ्या ओळीही संशयात आणल्या होत्या. ज्या माणसाने चाळीस वर्षांपूर्वी रात्रभर प्रेशर गेजसमोर बसून खरा आकडा लिहिला, त्याचा आणि माझा आकडा आता ओळखू येत नव्हता.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले की पेट्या उघडाव्या लागतील.

तर तेच चाललंय. तिकडे गोडाऊनमधल्या पेट्या उघडतात, कार्डं पुन्हा स्कॅन होतात, दर शुक्रवारी मला एक लॉट येतो आणि मी एकेक ओळ ताडून बघतो. टेस्टचा मूळ चार्ट सापडला तर शेजारी पेटीचा नंबर. नाही सापडला तर आकडा पुसायचा. रकाना कंपल्सरी होता तो आम्ही काढला आणि 'माहीत नाही' असा पर्याय टाकला. तसं लिहिलेल्या तुकड्यांचं प्रेशर कमी करायचं की पुन्हा टेस्ट करायची ते त्यांचे लोक ठरवतात. रेटिंग व्हायचं ते झालं.

मागच्या रविवारी मामांकडे गेलो होतो. खांबावरच्या नंबरावर मामांनी फोन केला होता, कंपनीची माणसं यंत्र घेऊन येऊन गेली होती. पाइप खांबाच्या रेषेत नव्हताच. ती माणसं पट्ट्याच्या दोन्ही कडांना फक्की टाकून गेली होती. उसाच्या सरीतून जाणारी पांढरी रेघ. मामांनी तिचे मोबाइलवर फोटो काढून ठेवलेत, सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर पेनाने अंतरं लिहिली आहेत, बांधापासून किती, विहिरीपासून किती, आणि खाली तारीख.

"एका ठिकाणी लिहिलं नाही," मामा म्हणाले. "तिथं ओढा आहे, टेप पोचला नाही."

पाणाड्याला परत बोलावलंय. माझा पुढचा लॉट शुक्रवारी.