अक्षता आणि एमबी

घरातलं पोर इंजिनिअरिंगला गेलं की ब्रँच कोणतीही असो, घरच्यांच्या लेखी ते मेकॅनिकच! मिक्सरपासून मोबाईलपर्यंत सगळं त्याच्याकडे. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या कारंजा लाडच्या घरी यंदा माझ्याकडे काम आलं ते व्हिडिओंचं. आईबाबांच्या 2002 सालच्या लग्नाच्या तीन व्हीसीडी, वाढदिवस, मामाच्या मोबाईलवरच्या क्लिप्स... सगळं एका हार्ड डिस्कवर हवं.

होस्टेलवर सल्ल्यांना तोटा नाही. "सगळं एच.265 मध्ये कन्व्हर्ट कर, जागा निम्मी!" रूममेटने निकाल दिला. कॉन्व्हेंटमुळे मला 'एकोणसाठ की एकोणसत्तर' हे अजून पटकन कळत नाही, पण हा हिशोब मी करून पाहिला.

व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 पिक्सेलचं, सेकंदाला 25 फ्रेम्स. रंगांचा तपशील कमी करूनही, कॉम्प्रेशनशिवाय तासाला साडेतेरा जीबी लागले असते. एमपेग-1 तेच सेकंदाला 1150 किलोबिटमध्ये, म्हणजे तासाला सुमारे 520 एमबीत बसवतो. कसं? मांडवाचा पडदा हलत नाही, मग तो पुन्हा पुन्हा कशाला साठवायचा? फक्त बदल लिहायचा. शिवाय चित्राचे 8 बाय 8 चे चौकोन करून डोळ्याला न जाणवणारा तपशील टाकून द्यायचा. यामागचं डीसीटीचं गणित बंगळूरला जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत 1974 मध्ये मांडलं.

पण मंगलाष्टकं संपतात, अक्षता उडतात आणि सगळं चित्रच एकदम बदलतं. बिट मात्र तेवढेच! मग चौकटी दिसू लागतात. आणि नेमके तिथेच, अंतरपाटाजवळ, माझे आजोबा उभे आहेत. मी चार वर्षांची असताना ते गेले. त्यांचा हलता चेहरा फक्त या सीडीत आहे. आजी दर वेळी विचारते, "काऊन वं पोरी, यायच्या तोंडावर ह्या चौकटी कायच्या?"

2013 चा एच.265 चांगल्या मूळ चित्रावर एच.264 च्या जवळपास निम्म्या जागेत तशीच क्वालिटी देतो. 2018 चा एव्ही1 त्याहून काटकसरी, वर रॉयल्टीही नाही. पण टाकलेला तपशील यातला कोणीच परत आणत नाही. उलट आधीच दाबलेली सीडी पुन्हा दाबली, तर उरलेल्यातलंही थोडं जातं. तिन्ही सीडी मिळून दोन जीबीसुद्धा नाहीत. वाचेल फार तर एक जीबी. त्यासाठी आजोबांचा चेहरा आणखी पुसायचा?

म्हणून मी असं ठरवलं: सीडीच्या फाईल्स जशाच्या तशा, दोन वेगळ्या डिस्कवर. आजीसाठी पेनड्राइव्हवर एच.264 ची वेगळी कॉपी, कारण घरचा जुना टीव्ही तेवढंच चालवतो. मोबाईलच्या क्लिप्समध्ये बिट भरपूर असतात, त्या एच.265 मध्ये. एव्ही1 ला माझा लॅपटॉप रात्रभर घरघरतो, म्हणून तो सध्या नाही.

आणखी एक. सेटिंग ठरवताना शांत बसलेल्या पाहुण्यांचा शॉट घेऊ नका, तिथे सगळेच फॉरमॅट पास होतात! वरात, फटाके, अक्षता यांची तीस सेकंदं घ्या. खरी परीक्षा तिथे.

तर मित्रहो, सुट्टीत घरी गेलात की कपाटातल्या सीडी काढा आणि आधी कॉपी करा. चरे पडलेली डिस्क कुणासाठी थांबत नाही. फॉरमॅटवरून भांडायला मेसची रांग आहेच!