टिनटिनच्या जुन्या बाजारात

गोष्टीच्या पुस्तकात वाचलेला बाजार खरोखरच एखाद्या गावात रोज भरत असेल, तर तुम्ही काय कराल? माझी भाची सई बारा वर्षांची आहे. टिनटिनची पुस्तकं तिला अगदी तोंडपाठ. ब्रुसेल्सला जायचं ठरल्यापासून तिने इंटरनेटवर शोधाशोध चालवली होती. एका रात्री ती ओरडतच आली, "मामा, टिनटिन जहाज विकत घेतो ना, तो बाजार खरा आहे! आणि आपण उतरणार तिथून चालत जाता येतं!" झालं! आमचा पहिला दिवस ठरून गेला.

ब्रुसेल्स ही बेल्जियमची राजधानी. इथे दोन भाषा चालतात, फ्रेंच आणि डच. त्यामुळे प्रत्येक रस्त्याच्या पाटीवर दोन नावं! आम्ही पाट्या वाचत चाललो होतो, तेवढ्यात सई थबकली. समोरच्या घराच्या भिंतीवर टिनटिन, कॅप्टन हॅडॉक आणि स्नोई कुत्रा लोखंडी जिन्यावरून खाली उतरत होते. चित्र बरं का, पण चांगलं घराएवढं उंच! इथे १९९१ सालापासून घरांच्या उघड्या भिंतींवर कॉमिक्समधली चित्रं रंगवतात. आता अशा पन्नासहून जास्त भिंती आहेत. टिनटिनची ही भिंत २००५ सालची.

टिनटिनचे जन्मदाते एर्जे याच शहरातले. त्यांचं खरं नाव जॉर्ज रेमी. नावाची आद्याक्षरं उलटी करून फ्रेंचमध्ये म्हटली की होतं 'एर्जे'. (तुमच्या नावाचं काय होतं, करून बघा!) १९२९ च्या जानेवारीत एका वर्तमानपत्राच्या मुलांच्या पुरवणीत टिनटिन पहिल्यांदा अवतरला, तेव्हा एर्जे अवघे एकवीस वर्षांचे होते.

वाटेत कॉमिक्सचं संग्रहालयही पाहिलं. ही १९०६ सालची, व्हिक्टर ओर्ता या नामवंत वास्तुकाराने बांधलेली कापडाची पेढी. पेढी बंद पडली, इमारत मोडकळीला आली, आणि १९८९ साली तिथे संग्रहालय उघडलं. काचेच्या छतातून आत असा काही उजेड येतो की चित्रांआधी आपण छतच बघत राहतो. पण सईचं लक्ष तिथे कुठलं? तिला बाजार गाठायचा होता.

बाजाराच्या चौकाचं नाव 'प्लास द्यू जू द बाल', म्हणजे चेंडूच्या खेळाचा चौक. १८७३ सालापासून इथे जुना बाजार भरतो. तुम्ही पुण्याचा जुना बाजार पाहिला असेल तर सगळं ओळखीचं वाटेल. जमिनीवर चादरी अंथरलेल्या, आणि त्यांवर किटल्या, कुलपं, एक पाय नसलेल्या खुर्च्या, कुणाकुणाच्या आजोबांचे फोटो. या वस्तीला मारोल म्हणतात. एर्जेंची आजी इथलीच. तिची अस्सल मारोली बोली एर्जेंनी आपल्या गोष्टींत जंगलातल्या आदिवासींची 'अगम्य भाषा' म्हणून खपवून दिली! आपल्याकडे कुणी मालवणी बोली मंगळवासीयांच्या तोंडी घालावी, तसंच हे. मारोलची माणसं वाचताना किती हसली असतील!

एका खोक्यात सईला टिनटिनची जुनी पुस्तकं सापडली. तिने वरचंच उचललं. नेमकं ते 'काँगोमध्ये टिनटिन' होतं. ती हसत हसत पानं उलटू लागली आणि हळूहळू तिचं हसू मावळलं. त्यातली आफ्रिकन माणसं सगळी एकसारखी, जाड ओठांची, तोडकंमोडकं बोलणारी. टिनटिनला देव मानणारी. "मामा, हे असं का काढलंय?"

काय सांगणार? काँगोवर तेव्हा बेल्जियमचं राज्य होतं, ते थेट १९६० पर्यंत. हे पुस्तक १९३०-३१ मधलं. एर्जेंनी काँगो पाहिलाच नव्हता. लोक जे बोलत तेच त्यांनी काढलं. पुढे त्यांनाच याची लाज वाटली. १९४६ साली पुस्तक रंगीत काढताना त्यांनी काही भाग बदलला. आधी टिनटिन काँगोच्या मुलांना 'तुमचा देश बेल्जियम' शिकवत होता, तिथे नंतर साधी बेरीज आली. माणसांची चित्रं मात्र बरीचशी तशीच राहिली.

मग मी तिला चँगची गोष्ट सांगितली. १९३४ साली एर्जेंना चांग चोंगरेन हा चिनी विद्यार्थी भेटला. तो ब्रुसेल्सला कला शिकायला आला होता. त्याने एर्जेंना कुंचला धरायला शिकवला, चीनमध्ये खरं काय चाललंय ते सांगितलं. त्यातून 'निळं कमळ' तयार झालं. त्यातल्या भिंतींवरची चिनी अक्षरं खरी आहेत, आणि त्यांतल्या काही साम्राज्यवादाविरुद्धच्या घोषणा आहेत! बेल्जियममधल्या वाचकांना त्या वाचताच येत नव्हत्या. पुढे दोघांची ताटातूट झाली. १९६० सालच्या पुस्तकात टिनटिन तिबेटच्या बर्फात चँगला शोधत फिरतो. वाटेत तो दिल्लीला कुतुबमिनारही बघतो. खरे दोघे मित्र मात्र १९८१ सालीच पुन्हा भेटले. दोघांचे केस तोवर पांढरे झाले होते.

सईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, काँगोचा एखादा चँग आधी भेटला असता तर?"

मला उत्तर सुचलं नाही.

पुस्तक तिने परत खोक्यात ठेवलं. नंतर बराच वेळ शेजारच्या चादरीवर उकिडवी बसून काहीतरी चाचपत होती. तीन युरोला एक लाकडी जहाज घेतलं तिने. शिडं फाटलेली, एक डोलकाठी मोडलेली. बाकावर बसून आम्ही कागदाच्या पुडीतल्या गरमागरम बटाट्याच्या तळलेल्या फोडी खाल्ल्या. मग तिने डोलकाठी हलकेच ओढून काढली आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. पुस्तकातल्या जहाजाच्या डोलकाठीत गुप्त कागद निघतो ना!

हिच्या डोलकाठीत फक्त भुसा होता.

"दुसरी डोलकाठी घरी गेल्यावर उघडू," ती म्हणाली.