फाटकावरच्या माणसाचे रक्षण

चि. निखिल,

पत्र पावले. शिक्षण सांभाळून सिडनीत सुरक्षारक्षकाचा परवाना मिळवल्याचे वाचून घरात सर्वांना आनंद झाला. परंतु ‘प्रसंग आला तर मागे हटणार नाही’ या त्यातल्या वाक्याने काकांची झोप उडाली असून, वहिनींना ते वाक्य अद्याप वाचून दाखवलेले नाही.

१३ एप्रिल २०२४ रोजी त्याच शहरातील बॉन्डाय जंक्शनच्या वेस्टफील्ड मॉलमध्ये एका चाकूधारी माणसाने सहा जणांचे प्राण घेतले. त्यांत पाच स्त्रिया होत्या आणि सहावा होता फराज ताहिर, म्हणजे पाकिस्तानातून आश्रयार्थ आलेला, तीस वर्षांचा निःशस्त्र रक्षक, ज्याचा दिवसपाळीतला तो पहिलाच दिवस होता. त्याच्या धैर्यापुढे कोणाचीही मान लवावी. मात्र असे धैर्य हा नोकरीचा भाग धरला जाऊ नये. हल्लेखोर थांबला तो पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने. परवान्यातील ‘१ ए’ हा वर्ग मुळात निःशस्त्र पहाऱ्याचा आहे, आणि अशा रक्षकाने धोका ओळखावा, बिनतारी यंत्रावरून नियंत्रण कक्षाला कळवावे, शून्य-शून्य-शून्य या क्रमांकावरून पोलीस बोलवावेत, लोकांना बाहेरची वाट दाखवावी आणि त्याच वाटेने स्वतःही निघावे. यात भित्रेपणा कसला?

न्यू साउथ वेल्सच्या २०११ च्या कार्यस्थळ आरोग्य व सुरक्षा कायद्यानुसार कामगाराची सुरक्षा पाहण्याचे कर्तव्य एकाच वेळी अनेकांवर असू शकते. म्हणून रक्षक ठेकेदाराचा आहे, एवढे सांगून मॉलचालकाला हात झटकता येत नाहीत. गंभीर धोका समोर ठाकला असता काम थांबवण्याचा हक्कही त्याच कायद्याने दिला आहे. अंगावर चाकूरोधक जाकीट, चालू स्थितीतले बिनतारी यंत्र, जोडीला दुसरा माणूस आणि आणीबाणीची प्रत्यक्ष तालीम, हे सारे पाळी सुरू होण्यापूर्वीच मिळाले पाहिजे. जाकीट मिळाले असूनही उकाड्याचे निमित्त सांगून ते कपाटात ठेवल्याचे कळले, तर मात्र काकांचा राग सोसावा लागेल. शाळेत असताना पावसाळ्यात रेनकोट दप्तरात ठेवून भिजत येण्याची खोड घरात कोणी विसरलेले नाही.

याहून मोठी काळजी निराळीच आहे. व्हिसाच्या अटी मोडून रोखीने राबणारा मुलगा व्हिसा जाण्याच्या धास्तीने तक्रार करायला धजत नाही. बेईमान ठेकेदाराला हे पक्के ठाऊक असते. बिगरनोंद पाळीत इजा झाली, तर नुकसानभरपाई मागतानाही तीच धास्ती आड येते. आपल्याकडेही खाजगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन व्हावे म्हणून महाराष्ट्राने १९८१ मध्ये स्वतंत्र कायदा केला, कारण मध्यस्थांच्या हाती सोडलेल्या पहारेकऱ्याचे हाल मुंबईने पाहिले होते. तरीही १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपात गिरणीच्या फाटकावर एका बाजूला मालक आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच्याच चाळीतली माणसे, अशा पेचात आपल्या घरातले पहारेकरी अण्णा एकटे उभे राहिले. त्यांच्या त्या रात्री या घराने पुरेपूर भोगल्या आहेत. दुसऱ्या पिढीकडून तशा रात्रींची अपेक्षा येथे कोणालाही नाही.

तेव्हा उलटटपाली एवढे कळवावे: पाळीत सोबत कोण असते, जाकीट मिळाले का, सर्व तास कागदावर नोंदले जातात का. आणि ते वाक्य मागे घेतल्याचे स्पष्ट लिहावे, म्हणजे वहिनींना दोन्ही पत्रे एकत्र वाचून दाखवता येतील.

काकांचे आशीर्वाद