पोटावरची पिशवी

गुदाशयाच्या कॅन्सरचे ऑपरेशन म्हटले की आपला माणूस मरणापेक्षा पोटावरच्या पिशवीला अधिक घाबरतो. माझे दाजी असेच अडून बसले होते. शौचातून रक्त पडायचे. मूळव्याध समजून आठ महिने झाडपाला केला. वस्तीतल्या डॉक्टरांनी मलम दिले, पण बोट घालून तपासले नाही. गाठ इतकी खाली होती की त्या साध्या तपासणीत बोटाला लागली असती. मुंबईला आणले तेव्हा रोग गुदाशयाच्या भिंतीबाहेर गेला होता.

एवढ्या वाढलेल्या रोगात बहुधा लगेच ऑपरेशन करीत नाहीत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. आधी सुमारे पाच आठवडे शेक आणि सोबत केमोच्या गोळ्या. मग काही आठवडे थांबून पुन्हा एमआरआय, आणि त्यानंतर ऑपरेशन. गुदाशय त्याच्याभोवतीच्या चरबीच्या आवरणासकट अखंड काढतात. इंग्लंडचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ साली ही पद्धत मांडली, आणि रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण पुष्कळ घटले.

गाठ वर असेल तर आतडे पुन्हा जोडतात. पिशवी लागलीच तर ती बहुधा उजवीकडे, काही महिन्यांपुरती. पण गाठ गुदद्वाराच्या स्नायूत शिरली असेल तर ते द्वार कायमचे शिवून पोटावर डावीकडे शौचाची वाट काढावी लागते. दाजींचे असेच होते.

"चार माणसांत कसा बसू? वास येईल," दाजी म्हणाले.

अक्का म्हणाली, "आत्याबाईंचं अंथरुणातलं सगळं दोन वर्षं मी काढलं. तवा मला वास आला नाही."

दाजींनी सही केली.

नर्सबाईंनी दोघांना शिकवले. पिशवीचे छिद्र मापात कापायचे, मोठे झाले तर कातडी सोलवटते. एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. आतड्याचे ते लाल तोंड पाहून धसका बसतो, पण हात लावला तरी दुखत नाही. लघवीच्या आणि वैवाहिक संबंधाच्या नसा तिथूनच जातात. पुरुषमंडळी लाजून विचारीत नाहीत, पण ऑपरेशनआधीच विचारावे.

ऑपरेशन महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसले. रेशनकार्डाची धावपळ मी केली, कारकुनी तेवढी कामी आली. घरी आल्यावर पिशव्यांचा खर्च मात्र दरमहा खिशातूनच. यावर आपल्या मंडळांनी बोलले पाहिजे.

गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतल्या एका गृहस्थांना रक्त पडते असे कळले. ते तपासणीला तयार होईनात. दाजी त्यांच्या घरी गेले, दार लावून घेतले आणि शर्ट वर केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलने दोघे हॉस्पिटलला गेले.