रोहिणीतलं पाणी

२५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी मृग. या मधल्या दिवसांत नदीवर मासे मिळवणं सगळ्यात सोपं, असं लोक धरून चालतात. जाळ्याच्या बाबतीत ते खरं आहे. पाणी आटलेलं असतं, मासा उरल्यासुरल्या डोहांत दाटलेला असतो, जाळं फेकलं की काही ना काही येतंच. गळाची गोष्ट वेगळी. गळाला माशाची भूक लागते, आणि रोहिणीत मासा सहसा तोंड उघडत नाही. म्हणून माझ्या लेखी उन्हाळ्याचा हा शेवट गळ टाकणाऱ्याच्या परीक्षेचा काळ. पाणी वाचता येतं का आणि वाचून झाल्यावर हात आवरता येतो का, दोन्ही इथे कळतं.

आमचा सिन्नर हा पर्जन्यछायेतला तालुका. कोनांब्याकडून येणारी देवनदी पावसाळ्यात दुथडी भरते. मेमध्ये तिच्या पात्रात बंधाऱ्यांमागे साचलेलं असेल तेवढंच पाणी. म्हाळुंगीवरच्या भोजापूर धरणाचा काठ इतका मागे सरकतो की भेगाळलेल्या गाळावरून बरंच चालल्याशिवाय पाय ओला होत नाही. भरवसा धरायचा तो उत्तरेकडच्या दारणा-गोदावरीचा. पण दारणासांगवीच्या संगमापाशीसुद्धा उन्हाळ्यात वाहतं ते आवर्तनाचं पाणी. वरच्या धरणांतून सुटलेलं हे पाणी नांदूरमध्यमेश्वरला पोचतं आणि तिथून कालव्यांनी कोपरगाव-राहात्याच्या शेतांकडे जातं. आवर्तन सुरू असेपर्यंत नदी भरल्या अंगाने वाहते. ते बंद झालं की थोड्याच दिवसांत खडक उघडे पडतात.

आमच्याकडे गळाचं वेळापत्रक या आवर्तनाने ठरतं. पाणी चढत असलं की काठचं गवत बुडतं, मातीतले किडे आणि गांडुळं बाहेर पडतात, आणि मासा चरायला काठाशी येतो. पाणी उतरू लागलं की तोच मासा बिथरून खोलात सरकतो. चढत्या पाण्यावर कंबरेएवढ्या खोलीत, गवताच्या कडेला गळ सोडावा. उतरत्या पाण्यावर मी गळ काढतच नाही.

पाणी किती खोल यापेक्षा त्यात श्वास किती उरलाय, हे उन्हाळ्यात जास्त महत्त्वाचं. २० अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो; ३० अंशांना साडेसातच. एकीकडे पाण्याची ऑक्सिजन धरायची ताकद घटते, दुसरीकडे उष्म्याने माशाची गरज वाढते. रोहू, कटला, मृगळ यांना बरं वाटायला लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो. हिरव्या पडलेल्या पाण्यात शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, पण रात्रभर तेच तो ओढून घेत राहतं. त्यामुळे उन्हाळी पाण्यातली सगळ्यात वाईट वेळ दुपारची नसून पहाटेची असते. पाणवेलींनी पात्र झाकलं असेल तर विचारूच नका. पानांखाली ऊन पोचत नाही, वारा पोचत नाही, आणि कुजणाऱ्या मुळ्या उरलासुरला ऑक्सिजनही खातात.

अशा पहाटे डोहाच्या काठी निवांत बसून बघावं. झुंजूमुंजू व्हायच्या सुमाराला पाण्यावर बारीक वर्तुळं उठायला लागतात. नवख्याला वाटतं, मासे चरताहेत. जवळून पाहिलं की गोल उघडलेली तोंडं दिसतात, पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्याला लागलेली. कल्ले भराभर हलत असतात, शेपटी मात्र जवळजवळ स्थिर. चरणारा मासा उसळी घेतो, वळतो, पुन्हा खाली जातो. हा मासा जागेवरून हलत नाही, सावली पडली तरी दबकत नाही. तो चरत नसतो, धापा टाकत असतो. अशा वेळी कणकेचा गोळा नाकासमोर सोडला तरी तो तोंड लावणार नाही.

मरळीचं तसं नाही. तिला हवेतून श्वास घेता येतो, म्हणून जिथे रोहू गुदमरतो तिथे मरळ मजेत राहते. ठरावीक वेळाने ती वर येते, पाण्याचा पृष्ठभाग हलकाच फुगतो, 'गप्प' असा आवाज होतो, आणि मागे एकदोन बुडबुडे राहतात. मला गळ टाकायला शिकवलं ते दारणाकाठच्या एका म्हाताऱ्या भोईबाबांनी. बाबा म्हणायचे, "बुडबुड्यावर गळ टाकू नको बाळा, तिचं तोंड कुठं वळलं ते बघ." मरळ श्वास घेऊन ज्या दिशेला बुडते, त्या दिशेला हातभर पुढे, कपारीच्या किंवा बुडालेल्या बाभळीच्या फांदीच्या अंगाला गळ पडायला हवा. पण पृष्ठभागावर तांबूस पिल्लांचा पुंजका हलताना दिसला तर तिथून उठायचं. पुंजक्याखाली त्यांचे आईबाप राखणीला असतात. ते उचलले की पिल्लं इतर माशांच्या आणि बगळ्यांच्या तोंडी जातात.

रोहूला खरी भूक लागते ती वाऱ्याने. दुपार कलली की पश्चिमेचा वारा सुटतो आणि पाण्यावर लाटा उठवतो. लाटांबरोबर हवा पाण्यात मिसळते, आणि वारा ज्या काठाला थडकतो तिथे तरंगतं खाद्यही गोळा होतं. म्हणून संध्याकाळी वाऱ्याला तोंड देऊन बसावं. आपल्याच दिशेने येणाऱ्या वाऱ्यात गळ फेकणं जड जातं, पण मासा त्याच काठाला असतो. दिवस बुडाल्यावर तळाशी गांडूळ सोडलं तर शिंगाळा लागतो, दगडांच्या फटीजवळ वाम.

मग कधीतरी वळीव येतो. वळवाने सगळं सुधारतं असं वाटतं, पण साचलेल्या पाण्यात तो घातही करतो. गार पाणी वरून कोसळलं की तळाचं कुजकं, ऑक्सिजन नसलेलं पाणी ढवळून वर येतं, आणि दुसऱ्या सकाळी पांढरी पोटं वर करून मासे तरंगताना दिसतात. वाहत्या ओहोळाचं तोंड मात्र या वेळी जिवंत होतं. गढूळ, गार, हवेने भरलेलं पाणी जिथे नदीत शिरतं, तिथे सगळा डोह लोटतो. गळाला सगळ्यात जास्त मासा इथेच लागतो, आणि इथेच थांबायचं असतं.

कारण तोपर्यंत माद्या अंड्यांवर आलेल्या असतात. रोहूच्या मादीत वजनाच्या किलोमागे लाखांनी अंडी असतात, आणि ती सोडायला तिला पुराचं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ला ओडिशात हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाची सुई टोचून या जातीच्या माशांची वीण घडवून आणली. तोवर देशभरात मत्स्यबीज मुख्यतः नद्यांमधून गोळा करावं लागे. आज धरणांत सोडली जाणारी बोटुकली त्या शोधाची देणगी. पण नदीत बोटुकली सोडायला सहसा कुणी येत नाही. तिथला मासा त्या चार डोहांत तगून राहिलेल्या माद्यांवरच वाढतो.

म्हणून मेमध्ये डोहात ब्लीचिंग पावडर ओतणारे, विजेच्या तारा सोडणारे, स्फोटकं टाकणारे बघितले की जीव तुटतो. विष आणि स्फोटकं वापरायला १८९७च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. असा एक डोह साफ झाला की पुढे पाऊस कितीही पडो, तेवढ्या पट्ट्यातली नदी वर्षानुवर्षं रिकामी राहते.

गळ टाकणाऱ्यांना माझं सांगणं सरळ आहे. धरण मच्छीमार सहकारी संस्थेकडे असेल तर आधी त्यांची परवानगी घ्या. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्याच्या हद्दीत गळ काढूच नका. २०२०मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं, आणि तिथल्या माशांवर पक्ष्यांचा हक्क आहे. पहाटे धापा टाकणाऱ्या पाण्यावर गळ सोडू नका. तंगूस जाड वापरा म्हणजे मासा लवकर काठाला येईल. कोमट पाण्यात फार वेळ खेळवलेला मासा सोडून दिला तरी जगत नाही. सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, आणि पोट फुगीर दिसलं तर नक्की सोडा. मृग लागला की काठी घरी ठेवा आणि पोळा होऊ द्या. पुढच्या उन्हाळ्यात गळाला लागायचा मासा यंदाच्या पावसात जन्मावा लागतो.