आईला सांगा, आजच्या आज!

बालमित्रांनो, एक प्रश्न विचारतो. खरं खरं उत्तर द्या हं! क्रिकेट खेळताना चेंडू कुंपणापलीकडे गेला. तो आणायला तुम्ही गेलात आणि तिथल्या कुत्र्याने पोटरीला दात लावला. जखम म्हणाल तर खरचटल्याएवढी. घरी आल्यावर सांगाल? की आई रागावेल, खेळणं बंद होईल, वर इंजेक्शनं टोचतील म्हणून गप्प बसाल?

गप्प बसणारे पुष्कळ असतात. माझ्या घरातच एक होता, त्याची गोष्ट सांगणारच आहे. पण आधी त्या रोगाची ओळख करून घेऊ या.

कुत्रा पिसाळतो, म्हणजे त्याला रेबीज झालेला असतो. रेबीज हा मज्जासंस्थेचा रोग. मज्जासंस्था म्हणजे आपला मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि अंगभर पसरलेले मज्जातंतू. या रोगाचे विषाणू जनावराच्या लाळेत असतात आणि चाव्यातून जखमेत शिरतात. बरेचसे रोगजंतू रक्तातून अंगभर पसरतात. हा पठ्ठ्या मात्र त्या हमरस्त्याने जात नाही. तो जवळचा मज्जातंतू गाठतो आणि त्याच्या आतून, पायवाटेने चालावे तसा, मेंदूकडे निघतो. चावल्यापासून रोगाची लक्षणे दिसेपर्यंत बहुधा एक ते तीन महिने जातात. कधी आठवडाभरातच दिसतात, तर कधी वर्ष उलटून जाते. चावा चेहऱ्यावर किंवा डोक्यावर असेल तर वाट जवळची, म्हणून धोका जास्त.

गंमत, खरे तर भीती, अशी की या काळात मुलगा अगदी ठणठणीत असतो. जेवतो, खेळतो, शाळेत जातो. विषाणू अंगात आहे की नाही, हे या काळात सांगणारी तपासणी आजही नाही. तो मेंदूत पोचला की ताप येतो, जखमेच्या जागी मुंग्या येतात. मग पाणी प्यायला गेले की घशाचे स्नायू असे आवळतात की पुढे पुढे नुसते पाणी पाहूनही रोगी घाबरतो. आता डॉक्टरांना लाळ, मानेवरच्या कातडीचा तुकडा, मेंदू आणि कण्याभोवतीचे पाणी तपासून निदान करता येते. पण तोवर गाडी सुटलेली असते. लक्षणे दिसल्यावर वाचलेली माणसे जगात अगदी मोजकी आहेत.

म्हणूनच डॉक्टर तपासणीच्या निकालाची वाट बघत बसत नाहीत. दात लागला ना, मग चला, उपचार सुरू!

आता ती गोष्ट. माझा मामेभाऊ तेव्हा नऊ वर्षांचा होता. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळे आजोळी जमलो होतो. एका सकाळी स्वारी लांब विजार घालून ओसरीवर बसलेली! आजी म्हणाली, "का रे, एवढ्या उकाड्यात लांब विजार?" तो म्हणाला, "अशीच." आजी कसली ऐकते! तिने विजार वर केली, तर पोटरीवर दोन दातांच्या खुणा. मामा तापट, म्हणून याने दोन दिवस अवाक्षर काढले नव्हते. शेजारच्या काकू चुना आणि तिखट घेऊन धावल्या. आजी म्हणाली, "ते राहू दे. आधी साबण आण." तिने जखम खळखळून धुतली आणि मामांबरोबर त्याला तालुक्याच्या दवाखान्यात पाठवले. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. रोज एस.टी.ने जायचे, रोज टोचून यायचे. तो भिंतीवर कोळशाने रेघ ओढून मोजत असे. चौदावी रेघ ओढली तेव्हा तापट मामांचेच डोळे भरून आले होते.

त्याच्याच वयाच्या एका मुलाने या उपचाराची वाट उघडली, बरं का! ४ जुलै १८८५ रोजी फ्रान्सच्या सीमेजवळच्या आल्सास प्रांतात जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेला कुत्रा अनेक ठिकाणी चावला. आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे गेली. पाश्चर वैद्यकीय डॉक्टर नव्हते, म्हणून ६ जुलैला पहिले इंजेक्शन डॉक्टर ग्रांशे यांनी टोचले. ती लस सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली होती. माइस्टर वाचला. विषाणू हळू चालतो, म्हणून त्याच्याआधी शरीराला तयार करता येते, हे जगाला कळले.

आपल्याकडची जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. भारतात तिचे उत्पादन २००४ साली बंद झाले. आताची लस दंडात घेतात. पोटातली ती चौदा इंजेक्शने गेली. आता चार-पाच वेळा दवाखान्यात जावे लागते, इतकेच. लस शरीराला पहारेकरी तयार करायला शिकवते. पण त्याला काही दिवस लागतात. म्हणून रक्त आले असेल तर तयार पहारेकरी, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, थेट जखमेत सोडतात.

तुमचे काम मात्र त्याही आधी सुरू होते. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, जखम पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून! तिखट, चुना, हळद काहीही लावायचे नाही. मग मोठ्यांबरोबर त्याच दिवशी दवाखाना. कुत्रा ओळखीचा आहे, पिल्लू आहे, जखम एवढीशी आहे, यांतली एकही सबब चालायची नाही. मांजर आणि माकड चावले तरी हाच नियम.

म्हणून कुत्र्यांना दगड मारत सुटू नका. त्यांनाही लस देता येते. गोव्यात दरवर्षी हजारो कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांतून मुलांना माहिती दिली. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही.

आणि पालकहो, जागतिक आरोग्य संघटना सांगते की रेबीजने दगावणाऱ्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुले असतात. मुले चावा लपवतात, ती बरेचदा आपल्याला घाबरून. तेव्हा ओरडायचे असेल तर जखम धुऊन, लस टोचून आल्यावर ओरडा!

दोस्तांनो, अंक मिटण्याआधी जरा आठवून पाहा. गेल्या काही दिवसांत, काही महिन्यांत कुठे दात लागला होता का? सांगायचे राहून गेले का? उशीर झाला असला तरी लस घेता येते. उठा, आई स्वयंपाकघरात असेल, नाहीतर बाबा बाहेरच्या खोलीत असतील. आत्ताच सांगून या.